आवेश ओसरल्यानंतर : मार्क व देमास

पौलानें फिलेमोनास लिहिलेलें पत्र हें नव्या करारांतील अगदीं लहान पत्रांपैकीं एक आहे. त्यांत अवघीं २५ वचनें आहेत. एका तासाची घंटा होऊन पुढच्या तासाचे शिक्षक वर्गांत येईपर्यंत तें वाचून संपतें. पत्र मिटतां मिटतां पौल आपल्या सोबत्यांचे सलाम कळवितो, आणि चोविसाव्या वचनांत चार नांवें एका ओळीनें देतो : मार्क, अरिस्तार्ख, देमास व लूक. असली नामावळी आली कीं आपली दृष्टि तिच्यावरून घसरत पुढें जाते. परंतु, विद्यार्थिमित्रहो, ह्यांपैकीं दोन नांवांवर क्षणभर बोट ठेवा. मार्क हा पूर्वीं एकदां काम अर्ध्यावर टाकून घरीं परत गेलेला मनुष्य होता. देमास हा पुढें काम टाकून जाणार होता. ज्या दिवशीं ही ओळ लिहिली गेली त्या दिवशीं मात्र दोघेही एकाच बंदिवान गुरूच्या जवळ होते, आणि दोघांनाही पौलानें एकच पदवी दिली आहे : सहकारी.

ह्या ओळीकडे लक्ष वेधण्याचें कारण असें. उन्हाळ्याच्या सुटींतील मेळाव्याहून परत आलेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यांवर एक प्रकारचें तेज दिसतें. पहांटे उठून प्रार्थना होते, धाकट्या भावंडांशीं भांडण होत नाहीं, आणि आई पाण्याला निघाली कीं न सांगतां कळशी उचलली जाते. जूनमध्यें शाळा उघडते तेव्हां नव्या वहीच्या पहिल्या पानावरील अक्षर मोत्यासारखें असतें. दिवाळीच्या सुमारास तीच वही उघडली तर तोच हात असेल असें वाटत नाहीं. आत्मिक जीवनांतही बहुधा असेंच घडतें. १ जानेवारीस उत्पत्तीपासून पवित्र शास्त्र वाचावयास घेतलेले किती जण लेवीय पुस्तकाच्या अर्पणविधींत अडकून पडतात, ह्याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं, आणि तो न ठेवलेलाच बरा.

मग मनांत शंका उभी राहते. मुलगा म्हणतो, “आतां प्रार्थनेंत मन लागत नाहीं, डोळ्यांस पाणी येत नाहीं, तेव्हां पूर्वीं जें वाटलें तें खोटेंच असावें.” वडील म्हणतात, “पोराच्या डोक्यांत खूळ शिरलें होतें, उतरलें. बरें झालें, आतां अभ्यासाला लागेल.” हीं दोन्ही मतें वरवर भिन्न दिसलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे. दोघेही आवेशालाच श्रद्धा समजतात, आणि आवेश गेला म्हणजे श्रद्धा गेली असा हिशेब मांडतात. आवेश ही देवाची देणगी आहे. तिला कोणीं हंसूं नये. पण मृगाच्या पहिल्या सरींनीं शेतांत कोंब फुटतात, कणीस भरत नाहीं. त्यासाठीं पुढें कित्येक कंटाळवाणे दिवस वाकून खुरपें चालवावें लागतें, आणि त्या दिवसांत शेताकडे पाहून कोणाला गाणें सुचत नाहीं.

मार्काचें पूर्ण नांव योहान मार्क. यरुशलेमांत त्याची आई मरीया हिचें घर होतें. पेत्र तुरुंगांतून सुटला त्या रात्रीं पुष्कळ लोक ह्याच घरीं प्रार्थनेस जमले होते. आणि त्याचा आवाज ओळखून रोदा नांवाची मुलगी आनंदाच्या भरांत दार उघडावयाचें विसरून आंत धांवत गेली, ही गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायांत आहे. अशा घरांत वाढलेल्या तरुणाला उत्साहाची काय वाण असणार? घरांत प्रेषितांचें येणेंजाणें, आणि बर्णबा तर नात्यानेंच जवळचा. इ. स. ४६ ते ४८ च्या सुमारास बर्णबा व पौल अंत्युखियाहून पहिल्या सुवार्ताफेरीवर निघाले, तेव्हां ह्या तरुणाला त्यांनीं मदतनीस म्हणून बरोबर घेतलें.

पहिला टप्पा सुखाचा होता. कुप्र बेट ही बर्णबाची जन्मभूमि. सलमीसपासून पफे शहरापर्यंत त्यांनीं सारें बेट पालथें घातलें, आणि पफे येथें खुद्द रोमन सुभेदार सिर्ग्य पौल ह्यानें विश्वास धरला. नंतर गलबत समुद्र ओलांडून पंफुल्यांत आलें व मंडळी पिर्गा शहरीं पोंचली. आतां पुढें तॉरस पर्वताची चढण, अवघड घाट आणि अनोळखी मुलूख होता. ह्याच ठिकाणीं मार्क त्यांना सोडून यरुशलेमास परत गेला. कां गेला, हें लूक लिहीत नाहीं. कोणी म्हणतात तो आजारास भ्याला. कोणी म्हणतात त्याला आईची आठवण झाली. कोणी म्हणतात, आधीं बर्णबा व मग पौल असा जो क्रम होता तो ह्या सुमारास उलटला, तें ह्या भाऊबंदाला रुचलें नाहीं. तर्क पुष्कळ आहेत. पण नकाशा उघडून पाहिला तर एक गोष्ट कोणासही दिसेल. जेथवर ओळखीचीं माणसें व ओळखीची हवा होती तेथवर मार्क आला. जेथें चढण लागली तेथून तो परतला.

दोन-तीन वर्षांनीं दुसऱ्या फेरीचा विचार निघाला. बर्णबाचें म्हणणें पडलें कीं मार्काला बरोबर घ्यावें. पौलाचें म्हणणें पडलें कीं जो पंफुल्यांत आपल्याला सोडून गेला त्याला घेणें योग्य नव्हे. वाद इतका पेटला कीं ते दोघे थोर पुरुष एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, आणि पौल सीलास घेऊन सूरिया व किलिकिया प्रांतांतून पुढें गेला. ह्यांत बरोबर कोण, असें वर्गांत विचारलें तर बहुतेक मुलें बर्णबाच्या बाजूनें हात वर करतात, कारण प्रत्येकाला मनांतून ठाऊक असतें कीं आपण मार्काच्या पंक्तीस बसणारे आहों. तरी पौलाची बाजू क्षुल्लक नव्हती. जेथें प्राणाशीं गांठ आहे तेथें अर्ध्यावर सोडून जाणारा गडी सर्वांनाच संकटांत घालतो. आमच्या मतें मार्काला त्या वेळीं दोघांचीही गरज होती. आपण केलें तें लहानसहान नव्हे, हें त्याला पौलाच्या नकारानें कळलें. तें अखेरचेंही नव्हे, हें बर्णबाच्या होकारानें कळलें. ज्या घरांत नुसता पौल असतो तेथील मुलगा एकदां घसरला कीं तोंड चुकवीत फिरतो. ज्या घरांत नुसता बर्णबा असतो तेथील मुलाला आपण घसरलों हेंच समजत नाहीं. पालकांनीं हा पंधरावा अध्याय सवडीनें वाचावा, अशी विनंती आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. बर्णबानें मार्काला नेलें कोठें? तॉरस पर्वताकडे नव्हे. कुप्रास नेलें, म्हणजे जेथें त्याचे पाय पूर्वीं नीट चालले होते त्याच वाटेवर नेलें. जो लंगडत आहे त्याला एकदम चढणीवर न नेतां ओळखीच्या सपाटीवर पुन्हां चालावयास लावावें, ह्यांत केवढें शहाणपण आहे! ज्याची प्रार्थना सुटली आहे त्याला तासभर गुडघे टेकावयास सांगणारे सल्लागार पुष्कळ मिळतात. लहानपणीं आईजवळ बसून म्हटलेली प्रभूची प्रार्थना उद्यां सकाळीं एकदां म्हण, असें सांगणारा विरळा.

ह्यानंतर सुमारें दहा-बारा वर्षें प्रेषितांच्या इतिहासांत मार्काचें नांव येत नाहीं. जें कांहीं घडावयाचें होतें तें ह्या मुक्या वर्षांतच घडलें. मग कलस्सै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत तो एकाएकीं पौलाजवळ असलेला दिसतो, आणि तो तुमच्याकडे आल्यास त्याचें स्वागत करा, असें पौल बजावतो. पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत त्याला पुत्र म्हणतो. दुसऱ्या शतकाच्या आरंभींचा बिशप पपियास ह्याचें म्हणणें पुढें युसेबियस ह्या इतिहासकारानें नमूद करून ठेविलें आहे, त्यावरून असें दिसतें कीं मार्क हा पेत्राचा दुभाषी झाला, आणि पेत्राच्या तोंडून ऐकलेलें त्यानें काळजीपूर्वक लिहून काढलें. चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान, आणि बहुतेक आधुनिक पंडितांच्या मतें सर्वांत जुनें, असें जें शुभवर्तमान आहे तें ह्या पिर्ग्याहून परतलेल्या तरुणाच्या नांवानें ओळखलें जातें.

आतां देमासाकडे वळूं. त्याचें नांव नव्या करारांत तीनच वेळां आलें आहे. फिलेमोनाच्या पत्रांत तो सहकारी आहे. कलस्सैकरांच्या पत्रांत लूकाला प्रिय वैद्य म्हटलें आहे आणि त्याच्या शेजारीं देमासाचें नुसतें नांव आहे, पुढेंमागें विशेषण नाहीं. कित्येक टीकाकार ह्या उणिवेंत पुढील अनर्थाची चाहूल पाहतात. आम्हांस तो अर्थ ताणलेला वाटतो. पत्राच्या शेवटीं प्रत्येकाच्या नांवास विशेषण जोडण्याचें बंधन कोणावर असत नाहीं. तिसरा उल्लेख तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत आहे. ह्या पत्राच्या कर्तृत्वाविषयीं हल्लींचे कांहीं अभ्यासक वेगळें मत देतात. येथें आम्ही मंडळीची जुनी परंपरा धरून चाललों आहों. त्या परंपरेप्रमाणें इ. स. ६६-६७ च्या सुमारास, रोमाच्या तुरुंगांत, मृत्यु समोर दिसत असतां पौल कळवितो कीं देमासानें आतांच्या जगावर प्रेम केलें, तो मला सोडून थेस्सलनीकास गेला.

देमास हा कच्चा गडी नव्हता, हें ध्यानांत असूं द्या. तो पहिल्या चढणीवरून पळाला नाहीं. रोमन सरकारच्या बंदिवानाजवळ उघडपणें राहणें हें धोक्याचें काम होतें, आणि तें त्यानें केलें. मार्क सुरुवातीस डगमगला व शेवटीं ठरला. देमास सुरुवातीस ठरला व शेवटीं ढळला. म्हणून पहिल्या दिवसांवरून कोणाचेंही भाकीत करूं नये, आपलेंही नाहीं.

मूळ ग्रीक शब्द पाहिले तर आणखी उजेड पडतो. देमासानें प्रेम केलें ह्यासाठीं जें क्रियापद वापरलें आहे तेंच क्रियापद दोनच वचनें आधीं, प्रभूच्या प्रकट होण्यावर ज्यांनीं प्रेम केलें त्यांच्याविषयीं आलें आहे. तेव्हां देमासाचें प्रेम आटलें असें पौल म्हणत नाहीं; तें दुसरीकडे वळलें. आणि तें ज्याच्याकडे वळलें त्यासाठीं जो शब्द आहे त्याचा अर्थ युग किंवा काळ असा होतो. खून, चोरी, व्यभिचार, मूर्तिपूजा, कशाचेंही नांव पौल घेत नाहीं. आतांचा काळ, एवढेंच. इंग्रज ग्रंथकार जॉन बन्यन ह्यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या यात्रेकरूच्या रूपककथेंत देमासाला रुप्याच्या खाणीपाशीं उभें करून वाटसरूंना हांका मारावयास लाविलें आहे. कथेंत तें शोभतें. पण पौलाच्या शब्दांत रुपें नाहीं कीं सोनें नाहीं. थेस्सलनीका हें मोठें बंदर, मासेदोनियाची राजधानी, मोठ्या रस्त्यावरचें व्यापाराचें शहर. तेथें चार माणसांसारखें राहतां येत असेल.

शाळा संपवून मुंबई-पुण्यास नोकरीवर गेलेला आपला तरुण उपासनेस जावयाचें बंद करतो, तें नास्तिकांचीं पुस्तकें वाचून नव्हे. पहिल्या रविवारीं खोली लावावयाची असते. दुसऱ्या रविवारीं गांवाकडचे पाहुणे येतात. तिसऱ्या रविवारीं जादा काम असतें. चौथ्या रविवारीं कारण शोधण्याचीही गरज पडत नाहीं. त्यानें ख्रिस्ताला नाकारलें, असें कोणी म्हटलें तर त्याला मनापासून राग येईल. आणि त्याचा राग खोटा नसेल.

हें पत्र ज्या तीमथ्याला गेलें तो त्या वेळीं बहुधा इफिस शहरीं होता, असें मानितात. म्हणून इफिसाविषयीं दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. पौल तेथें सुमारें तीन वर्षें राहिला. त्या दिवसांत तेथील जादुगारांनीं आपले मंत्रतंत्राचे ग्रंथ आणून सर्वांच्या देखत जाळले, आणि त्यांची किंमत मोजली तों ती ५०,००० रुप्याच्या नाण्यांवर गेली. तें नाणें मजुराच्या सुमारें एका दिवसाच्या मजुरीएवढें असे. ह्यावरून त्या आगीचा अंदाज करावा. केवढा तो आवेश! पुढें सुमारें चाळीस वर्षांनीं, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायांत, त्याच मंडळीला प्रभूचा निरोप आला आहे. तिचे श्रम, तिची सहनशीलता, खोट्या शिक्षकांची तिनें केलेली पारख, ह्या सर्वांची त्यांत वाखाणणी आहे. उणें एकच, कीं पहिली प्रीति तिनें सोडली. देमासानें काम सोडलें. इफिसकरांनीं काम धरून ठेविलें, आणि आंतील प्रीति निसटली. उपासनेच्या बाकावर वर्षानुवर्षें त्याच जागीं बसणाऱ्या आम्हां वडील मंडळींना हें दुसरें दुखणें अधिक जडतें, हें कबूल केलें पाहिजे.

ह्या दुखण्यावर त्या पत्रांत जें औषध सांगितलें आहे तें विचार करण्यासारखें आहे. कोठून पडलास तें आठव, माघारा फीर, आणि पूर्वींचीं कामें कर, असा त्याचा आशय आहे. पूर्वींच्या भावना मनांत आण, असें त्यांत नाहीं. कारण भावना आज्ञेनें येत नाहींत. मुलाला अभ्यास कर असें सांगतां येतें. अभ्यासाची आवड उत्पन्न कर, असें सांगून काय होणार? कामें मात्र हातांत आहेत. पहिल्या दिवसांत तूं काय करीत होतास? आजाऱ्याला भेटावयास जात होतास, ज्याच्याशीं अबोला होता त्याच्या घरीं जाऊन आला होतास, खाऊच्या पैशांतून दानपेटींत टाकीत होतास. तें आज, मन कोरडें असतांनाच, पुन्हां कर. मागाहून पाझर फुटला तर देवाची कृपा. न फुटला तरी आजारी मनुष्याला भेट मिळालीच.

अशा कोरड्या दिवसांतील कामाचें एक उदाहरण आपल्याच देशांत घडलेलें आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. १९०७ सालच्या आपल्या साक्षींत त्यांनीं मोकळ्या मनानें लिहिलें आहे कीं आपणांस ख्रिस्ती धर्म आधीं सांपडला, आणि स्वतः ख्रिस्त सांपडावयास त्यानंतर आणखी कित्येक वर्षें लागलीं. १९०५ सालीं पुणें-दौंड लोहमार्गावरील केडगांव येथें त्यांच्या मुक्तिसदनांत मोठी आत्मिक जागृति झाली. शेंकडों मुली तासन् तास प्रार्थना करीत, आणि तिची वार्ता परदेशच्या मंडळ्यांपर्यंत पोंचली. अशी भरती कायम राहत नसते. तीही कालांतरानें शांत झाली. पण बाईंचें दुसरें एक काम चालूच राहिलें. साध्या बायकांनाही समजेल अशा मराठींत समग्र पवित्र शास्त्राचें भाषांतर करावयाचें, म्हणून वयाची चाळिशी उलटल्यावर त्या इब्री व ग्रीक शिकल्या. शब्द शब्दाशीं ताडून पाहावा, खर्डा करावा, तो खोडावा, पुन्हां करावा. मुक्तीच्याच छापखान्यांत मुलींनीं खिळे जुळवावे, आणि बाईंनीं मुद्रितें तपासावीं. असें वर्षानुवर्षें चाललें. कानांनीं त्यांना फार पूर्वींपासून नीट ऐकूं येत नव्हतें, अंगांत शक्ति उरली नव्हती. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमाबाई निवर्तल्या. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई देवाघरीं गेल्या तेव्हां भाषांतर पुरें झालेलें होतें. समग्र ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. १९०५ च्या जागृतीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मुद्रितें तपासण्याच्या त्या सकाळींविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं, कारण त्या सर्व सारख्याच होत्या.

पुन्हां रोमाच्या तुरुंगांतील पत्राकडे येऊं. देमास गेला, हें सांगून झाल्यावर पौल दुसरीं दोन माणसें निरनिराळ्या प्रांतांत गेल्याचें कळवितो, आणि मग लिहितो कीं जवळ एकटा लूक आहे. लूक कसा राहिला, त्याला कधीं कंटाळा आला कीं काय, ह्याविषयीं एक शब्द नाहीं. लगेच पुढें, मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठीं तो मला उपयोगी आहे, असें तीमथ्याला सांगतो. ज्याला एके काळीं बरोबर घेण्यास नकार दिला, आणि ज्याच्यावरून जिवलग मित्राशीं ताटातूट झाली, त्याला मरणापूर्वीं बोलावून घेण्याची ही विनंती त्याच हाताची आहे. आणखी दोन मागण्या आहेत. त्रोवस येथें कार्पाच्या घरीं राहिलेला झगा आण, आणि पुस्तकें आण, त्यांतही चर्मपत्रें अवश्य. आणि हें सर्व हिंवाळ्यापूर्वीं.

आतां नकाशा पुन्हां उघडा. इफिसाहून निघणाऱ्यानें झग्यासाठीं त्रोवसास गेलें पाहिजे. तेथून समुद्र ओलांडून नियापुलीस उतरावें. मग इग्नातिया नांवाच्या रोमन राजमार्गानें फिलिप्पै, अंफिपुली, अपुल्लोनिया असे मुक्काम करीत पश्चिमेच्या समुद्रापर्यंत जावें, आणि पलीकडे इटली. रोमास जाण्याची ही नेहमींची वाट होती. अपुल्लोनियाच्या पुढचें मोठें शहर थेस्सलनीका. राजमार्ग त्या शहरावरूनच जातो. तीमथ्य व मार्क ह्या वाटेनें गेले असतील, तर गुरूचा झगा व चर्मपत्रें घेऊन ते देमासाच्या गांवीं एक रात्र तरी उतरले असतील. त्यांनीं त्याचें घर शोधलें कीं नाहीं, आणि दारावर थाप पडली तेव्हां आंतून कोणी उठलें कीं नाहीं, हें कोठेंही लिहिलेलें नाहीं. परंतु थाप मारणारा मार्क असता, तर दार उघडल्यावर काय बोलावें हें त्याला कोणीं शिकवावें लागलें नसतें.